वाटदेवाची डहाळी

नागभीड, ६ नोव्हेंबर १९५६

सोमाजीभाऊ,

नमस्कार-चमत्कार मागाहून. आधी हे सांग, भाऊबीजेला तुला कुणी ओवाळलं? मी पाट मांडला होता, निरांजन लावलं होतं, आणि दिवस बुडेपर्यंत दारात उभी होते. मग अंगणात जाऊन चंद्राच्या कोरीला ओवाळलं. जिला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. मला भाऊ आहे, नुसता डोंगरापलीकडे आहे, म्हणून हात पुढे करताना लाज वाटली. चंद्र काही बोलला नाही. त्या बाबतीत तो तुझ्यासारखाच.

पहिल्या तारखेपासून आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला. शाळेत मुलांना पेढे वाटले, मलाही जुनी मास्तरीण म्हणून बोलावलं होतं. सरकारने अख्खा जिल्हा इकडचा तिकडे केला. तुला मात्र चिचबोडीहून नागभीडला यायला जमत नाही.

नोकरी सुटल्यापासून मला घर खायला उठतं. झाडते, पुसते, डाळ निवडते, निवडलेली डाळ पुन्हा निवडते. बसले की पाय आपोआप हलतात. गेल्या महिन्यात डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, बाई, तुमचं रक्त चढतंय, चालत जा. म्हणून चालायला लागले आहे. पहिल्या दिवशी तलावाच्या पाळीपर्यंत गेले आणि अर्ध्या वाटेत कुणाच्या तरी बंडीच्या जुवावर टेकले. चाळीस वर्षं पोरांना पळवलं, आणि स्वतःला पाळही चढवेना. रडू आलं, मग राग आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

आता सोबतीला शेजारची सुगंधाबाई असते, ती मुरमुरेवाली. मी एकटी निघाले तर आडवी आली. म्हणाली, "मास्तरीनबाई, एकटी कुठी चालली? पाय मुरगळला तं सांगाले कोन येईन, कावळा?" तेव्हापासून दोघी जातो. तिचं तोंड अखंड चालू असतं. डॉक्टरने एक सांगितलं होतं: चालताना बोलता आलं पाहिजे, बोलणं तुटलं की थांबायचं. मला वेगळं लक्ष ठेवावं लागत नाही. सुगंधाबाई गप्प झाली की आम्ही बसतो.

हे सगळं मी तब्येतीसाठी करते आहे. मनात दुसरं काही नाही, तू उगाच फुगू नकोस.

तरी एक लिहितेच. दोन वर्षांमागे तू मला खिंडीपर्यंत पोचवायला आला होतास. आपण लहान होतो तेव्हा बाजाराला येताना मी तुझ्या खांद्यावर असायचे. खिंडीतल्या वाटदेवाच्या ढिगावर येणाऱ्या-जाणाऱ्याने एकेक हिरवी डहाळी टाकायची, आणि ज्याचे पाय वाटेला लागले नाहीत त्याची डहाळी त्याला नेणाऱ्याने टाकायची. तू दोन टाकायचास, एक तुझी, एक माझी, आणि त्या दोन्ही बाच्या मासे धरायच्या जाळ्याच्या सुताने एकत्र बांधायचास. मी मोठी झाले, विधवा होऊन परत आले, मास्तरीण झाले, केस पिकले, तरी तू माझी डहाळी टाकत राहिलास. त्या दिवशी मात्र एकच टाकलीस. म्हणालास, "आजपासून तुही डहाळी मी नाई टाकनार." आणि उतरून गेलास. मी तिथे किती वेळ उभी होते ते मला आठवत नाही.

गोकुळावहिनीला नमस्कार.

देवका

नागभीड, २० नोव्हेंबर १९५६

भाऊ,

उत्तराची वाट पाहिली नाही. खोटं आहे, रोज पाहिली.

काल मंगरू भेटला, चिचबोडीहून शिंगाडे घेऊन बाजारात आला होता. तुझी खबर विचारली तर म्हणाला, "सोमाजीभाऊचा गुडघा धरला हाय, बाई. अंगनाच्या भाईर निंगत नाई. खाटेवर बसून जाळं विनते अन् साऱ्या गावाले शिव्या देते." शिव्या देतोस म्हणजे छाती ठीक आहे. गुडघ्याचं बघ. खाटेवर बसून गुडघा सुधारला असं मी अजून ऐकलेलं नाही. माझाही धरला होता. रोज थोडं चालले, सावकाश, तेव्हा सैल पडला. दुखणं वाढलं तर दुसऱ्या दिवशी कमी चालायचं, पण खाट धरायची नाही. आधी तुझ्या अंगणाला फेऱ्या मार. मग बोडीच्या पाळीवरून पाणी दिसतं तिथपर्यंत जा. कुणी हसलं तर हसू दे, तुझ्या शिव्या कुठे संपल्यात?

आम्ही आता डोंगराच्या पायथ्यापर्यंत जातो. सकाळी दव वाळलं की निघतो. त्याआधी निघालो तर वाटेवरचे दगड ओले असतात, आणि या वयात हाड मोडलं तर सांधायला लवकर तयार होत नाही. सुगंधाबाईने मला छातीइतक्या उंचीची बांबूची काठी करून दिली. मी आधी नको म्हणाले, काठी घेतली की लोक म्हातारी म्हणतील. ती म्हणाली, "आता का जवान म्हनून राह्यले का?" काठी घेतली. चढावर ती अर्धा भार ओढते, आणि झुडपात पाय टाकण्याआधी आपटली की जे काय असेल ते सरकतं. पाण्याचा भोपळा माझ्याकडे, गूळ-मुरमुरे तिच्याकडे. गाणंही तिच्याकडेच. जोराने गाते, कारण अस्वलाला माणसाची चाहूल लागली की ते वाट सोडतं. तिचं गाणं ऐकून ते तालुका सोडेल असं मी म्हटलं, तर दोन दिवस रुसली होती.

पण भाऊ, रानात मजा येते हे तुला सांगायचं होतं. मी विसरले होते. सागाची पानं अजून हिरवी आहेत. धावड्याला लाली चढते आहे. काल एक मोर वाटेत उभा राहिला आणि आम्हालाच बाजूला व्हावं लागलं. रोज हाच डोंगर खिडकीतून दिसायचा आणि मला त्याचा राग यायचा. आता जवळ गेले की राग येत नाही, उलट वरपर्यंत जावंसं वाटतं.

देवका

नागभीड, ३० नोव्हेंबर १९५६

भाऊ,

तुझा निरोप मिळाला. मंगरूने शब्दाला शब्द सांगितला: "तिले सांग, मले पत्र नोको धाडू. माहे डोळे दुखतेत."

डोळे दुखतात म्हणजे वाचतोस. अक्षरं तुला मीच शिकवली होती, पाळीवर बसून, वाळूत बोटाने गिरवून. तू जाळं टाकायचास आणि मी शाळेतून आणलेली बाराखडी तुला द्यायची. आता मोठ्या अक्षरात लिहिते. यापुढे डोळ्यांची सबब चालणार नाही.

गुडघ्याला करंजाचं तेल कोमट करून लाव. चोळू नकोस, नुसतं लाव. फेऱ्या मारतोस की नाही ते मंगरूने सांगितलं नाही. मी विचारलं तर तो हसला आणि शिंगाडे मोजायला लागला. त्याच्या हसण्याचा अर्थ मला लागला नाही, म्हणून दोन दिवस जिवाला चैन नाही.

देवका

नागभीड, ११ डिसेंबर १९५६

भाऊ,

अक्षर वाकडं आलं आहे, हाताला जरा लागलं आहे. काळजीचं नाही.

परवा आम्ही खिंडीपर्यंत जायला निघालो आणि मधल्या मोहाच्या झाडापासून परत फिरलो. सगळं माझ्यामुळे बिघडलं म्हणायला हरकत नाही. सकाळी निघायचं तर पाहुणी आली, चहा झाला, ती उठेना. मी म्हटलं, आता निघू, काय होतं! सुगंधाबाई म्हणाली, "ऊन चढून राह्यलं बाई, उद्या जाऊ." मी ऐकलं नाही. त्यात नवे कॅनव्हासचे बूट घातले होते, बाजारात शोभले म्हणून घेतले. नवं पादत्राण घालून डोंगर चढू नये हे मी पोरांना सहलीला जाताना सांगत असे. सांगणं निराळं, करणं निराळं. मोहापर्यंत टाचेची साल गेली आणि भोपळ्यातलं पाणी संपलं. सुगंधाबाई केव्हाची गप्प झाली होती, आणि मी तिला म्हणत होते, थोडंच राहिलं, थोडंच राहिलं.

शेवटी ती वाटेतच बसली. म्हणाली, "तुले जायाचं तं जा. मले मराची घाई नाई. डोंगर कुठी पळून राह्यला काय?" मला एवढा राग आला की मी तिला मागे टाकून चढायला लागले, आणि थोड्या वेळाने मला दोन खिंडी दिसल्या. मग मात्र खाली बसले. खाली उतरायला मला वर चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. उतरणीला गुडघा जास्त बोलतो, भाऊ, हे लक्षात ठेव. उतरताना आडवं उतरायचं, काठी आधी, पाय मागून, आणि पावलं लहान ठेवायची. आपल्याला वाटतं चढलो की झालं. खरी कसोटी उतारावर असते.

घरी आल्यावर सुगंधाबाईची माफी मागितली. तिने मुरमुऱ्याचा लाडू दिला आणि चालताना बूट कोण घालतं त्यावर अर्धा तास सुनावलं.

एवढा आटापिटा कशासाठी, असं तू विचारशील. तब्येतीसाठी.

देवका

नागभीड, २३ डिसेंबर १९५६

माझ्या भावा,

मी खिंडीत जाऊन आले. जुन्या चपला, भरपूर पाणी, पाण्यात चिमूटभर मीठ, आणि ऊन चढायच्या आत पायथा गाठला. दर वळणावर बसलो. सुगंधाबाईचं बोलणं शेवटपर्यंत तुटलं नाही. वर गेले तेव्हा तुझ्या बाजूची बोडी दिसली, पाणी चमकत होतं, आणि बोडीकाठच्या जांभळींच्या आड तुझ्या घरावरचा धूर होता. तो तुझ्याच घरावरचा होता, मला पैजेवर सांगता येईल.

पण मी ते सांगायला लिहीत नाही. वाटदेवाच्या ढिगावर दोन हिरव्या डहाळ्या होत्या, एकावर एक ठेवलेल्या. तेंदूची पानं अजून ताजी होती, देठाचं मोडलेलं टोक ओलं होतं. त्याच सकाळच्या असतील. बाकी सगळा ढीग वाळलेला. दोन, भाऊ. एक तुझी आणि एक माझी. मी तिथेच बसले आणि रडले. सुगंधाबाई वाकून बघत होती. म्हणाली, "सूत कुठी हाय? तू तं म्हनत होती का सूत बांधते." मी तिला गप्प बस म्हटलं. सूत संपलं असेल, गडबडीत राहिलं असेल. तुझा गुडघा असा असताना तू वर आलास, तर मी काय सुताची पंचाईत करत बसू?

आता खरं सांगते. मी तब्येतीसाठी चालत नव्हते.

तुझी लेक कमळा येते आहे. तिच्या नवऱ्याचं नाव, राज्यं वेगळी झाली तेव्हा, तिकडच्या सरकारी नोकरांच्या यादीत गेलं. संक्रांत झाली की त्याला जबलपूरच्याही पुढे कुठे तरी रुजू व्हायचं आहे. तिथून परत यायला त्यांना किती वर्षं लागतील कोण जाणे. जाण्याआधी ती तुला आणि वहिनीला भेटू बघते. बंडीच्या वाटेवरची, ओढा ओलांडायची रपट पावसाळ्यात वाहून गेली, अजून कुणी हात लावलेला नाही, म्हणजे यायचं तर खिंडीतूनच. आणि तिच्याबरोबर तिचा मुलगा आहे. तुझा नातू. सहा महिन्यांचा झाला. कान तुझ्यासारखे मोठे आहेत, असं ती लिहिते, आणि लिहिताना रडली असावी, कारण शाई पसरली आहे.

ती एकटी आली तर तू दार लावून घेशील, ही तिला भीती. म्हणून मी सोबत येणार आहे. वाट आधी पायाखाली घालायला पाहिजे होती, नाहीतर मध्येच मलाच उचलावं लागलं असतं.

तू कमळाच्या लग्नावरून माझ्यावर रागावलास. जातीबाहेरचा कंपाउंडर, आणि मी तिच्या पाठीशी उभी राहिले. आजही राहीन. मी चुकले असं मी म्हणणार नाही, भेटीसाठीसुद्धा नाही. पण तुला एक आठवण करून देते. मला वर्ध्याला ट्रेनिंगला पाठवायचं होतं तेव्हा जातीचे पंच आपल्या अंगणात बसले होते. विधवा पोरगी शिकायला बाहेर गेली तर जाळी वाळत टाकायला जागा देणार नाही म्हणाले. तू उठलास, जाळं खांद्यावर घेतलंस आणि म्हणालास, "मी रानात वाळवीन." अख्खा हिवाळा तू जाळी डोंगरात नेऊन वाळवलीस. तो माणूस तू होतास. मी कमळाच्या पाठीशी उभी राहिले ते तुझ्याकडूनच शिकून.

दोन डहाळ्या पाहिल्या आणि हे सगळं लिहायचं बळ आलं. तिसरी मी टाकली नाही, मला वाटलं आपली झाली.

तुझी देवका

नागभीड, २९ डिसेंबर १९५६

भाऊ,

काल बाजारात कोलू भेटला, तुमच्या पलीकडच्या छोट्या वस्तीतला, टोल्यावरचा. नवसाचा बोकड घेऊन खिंडीतून आला, तो इकडेच राहिला होता. सुगंधाबाईने सहज विचारलं, केव्हा आलास. ज्या सकाळी आम्ही वर होतो त्याच सकाळी, आमच्या जरा आधी. मी विचारलं, डहाळी टाकलीस का. तो म्हणाला, "टाकली का नाई? दोन टाकल्या. एक माही अन् एक बोकड्याची. त्याले चढावर मीच उचलून नेलं ना, बाई. त्याचे पाय नाई लागले वाटंले."

बोकडाची डहाळी पोटाशी धरून मी रडले होते. तू हसशील. हस. सुगंधाबाई हसली नाही, तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि घरापर्यंत चकार शब्द काढला नाही. तिला हसू आवरत नव्हतं म्हणून नसेल, असं समजते.

म्हणजे तू आलाच नव्हतास. मागच्या पत्रात मी सगळं ओतून बसले, आणि तू खाटेवर बसून जाळं विणत होतास. ते पत्र परत मागवता आलं असतं तर मागवलं असतं. आता गेलं ते गेलं.

दुसरंही सांगून टाकते, लपवण्यासारखं काही उरलं नाही. मोहापासून परतले त्या दिवशी मी पडले होते. मनगट सुजलं होतं, लाकडी पट्टी बांधली होती. डॉक्टर म्हणाला, पुन्हा डोंगर नको. मी त्याला विचारलं, सपाटीवर पडत नाहीत का लोक? तो म्हणाला, पडतात. मी म्हटलं, मग. आता पट्टी सुटली आहे. खिंडीत गेले तेव्हा काठी डाव्या हातात होती.

रात्री मला झोप नाही आणि दिवसा बूड टेकत नाही. उठते, खिडकीतून डोंगर बघते, पाणी पिते. मला तुझा राग येत नाही, तुझी आठवण येते. त्याचा जास्त त्रास होतो. एकसष्ट वर्षांची बाई, आणि खांद्यावर बसल्यावर तुझ्या केसांना माशांचा वास यायचा तो आठवून उठून बसते.

कमळाला कळवलं आहे की ये. संक्रांतीची कर उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी निघू. ती लिहिते, "आत्या, बाबांनी दार लावलं तर मी पुन्हा कधी येणार नाही." मी तिला समजावलेलं नाही. तिचं बरोबर आहे. आम्ही येऊ. तुझ्या दारात पोर घेऊन उभ्या राहू. पुढचं तुझ्या हातात.

फेऱ्या मारत असशील तर मारत राहा. मारत नसशील तरी आता मार.

देवका

नागभीड, १२ जानेवारी १९५७

भाऊ,

हे पत्र मंगरूच्या हाती देते आहे, डाकेने पोचायला वेळ नाही.

कमळा काल संध्याकाळच्या गाडीने आली. बाळ तापट आहे, कुणी धरलं की पाय झाडतं. चालायची घाई त्याला आतापासूनच आहे. कमळा वाळली आहे. रात्री जेवताना तिने एकदाच विचारलं, "बाबा कसे हायेत?" मी म्हटलं, गुडघा धरला आहे.

आज सकाळी मी आणि सुगंधाबाई वाट एकदा शेवटची तपासायला गेलो. कुठे बाळ खाली ठेवता येईल, पाणी कुठे प्यायचं, सावली कुठे. कमळाला घरीच ठेवलं, तिच्या पायांना विश्रांती पाहिजे. मधल्या मोहाच्या वर एक दगड निसटला आहे, तिथून डाव्या अंगाने जायचं ठरवलं. मन कशात नव्हतं. मी ढिगाकडे बघायचं नाही असं ठरवून गेले होते. एकदा बोकडाने फसवलं होतं, पुन्हा फसायचं नव्हतं.

सुगंधाबाई पुढे होती. ती बोलता बोलता थांबली. मला वाटलं दमली, म्हणून मीही थांबले, डॉक्टरचा नियम. पण ती दमली नव्हती. ती ढिगाकडे बघत होती.

जांभळीच्या डहाळ्या होत्या, भाऊ. खिंडीत जांभूळ नाही. डोंगरावर कुठेच नाही. ती तुझ्या बोडीकाठी आहे. खिंडीत यायचं तर सगळे वरच्या वर तेंदू नाहीतर साग मोडतात, खालून डहाळी कुणी चढवून आणत नाही. आणि त्या बांधलेल्या होत्या. जाळ्याच्या सुताने, सालीच्या रंगात भिजवलेल्या, बाने शिकवलेल्या गाठीने. ती गाठ मला डोळे मिटून ओळखता येते. सुगंधाबाईनेही हात लावून पाहिला आणि म्हणाली, "आता हाय सूत."

तीन होत्या. तुझी, माझी, आणि कमळाची.

ढिगाखालच्या मातीत काठीची टोकं उमटलेली होती, जवळजवळ, पुन्हा पुन्हा. उतारावरच्या खुणा आडव्या होत्या. आडवा उतरलास तू. पावलं लहान होती. मी लिहिलेलं सगळं वाचलंस आणि केलंस, आणि एका शब्दाने कळवलं नाहीस. मंगरू आता कबूल करतो. दीड महिना तू रोज निघत होतास, आधी अंगण, मग पाळ, मग पायथा. त्याला सांगितलं होतंस, "देवकाले सांगशील तं शिंगाडे तोडू देनार नाई." तो कसा हसला होता त्या दिवशी! मला कळायला हवं होतं. मी तिथे बसून रडले, पण या वेळी सुगंधाबाईही रडली, आणि नंतर आम्ही दोघींनी एवढे मुरमुरे खाल्ले की उतरताना जड झालं.

आता ऐक. करीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दव वाळलं की आम्ही निघतो. कमळा, मी, सुगंधाबाई. बाळ चढावर कमळाकडे आणि थोडं माझ्याकडे. माझ्या मनगटात फार जोर नाही आणि तीही अर्ध्या वाटेत थकेल. खिंडीपर्यंत कसं तरी आणू. तिथून खाली उतरणीला त्याला खांद्यावर घेणारं माणूस लागेल, आणि काठी घेऊन आडवं उतरणारं माणूस मला या डोंगरात एकच माहीत आहे.

तुझ्या तीन डहाळ्या मी हलवल्या नाहीत. चौथी टाकायची राहिली आहे. कमळाने विचारलं, बाळाची डहाळी चढताना आपण टाकायची ना, त्याला तर आपण नेतोय. मी नाही म्हटलं. खिंडीतून घरी जाताना पोर ज्याच्या खांद्यावर असेल, त्याने टाकायची.

येताना जांभळीची आण. सूत तुझ्याकडे असेलच.

देवका